भोवळ की अंधारी?

चामराजपेटेतल्या एका घरात फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवलेला आहे. डाव्या बाजूला मराठी शब्द, उजव्या बाजूला इंग्रजी. चक्कर, घेरी, भोवळ, अंधारी, झोक जाणे. घरी येणारा पाहुणा तो कागद पाहून हमखास विचारतो, ‘‘मुलीचा अभ्यास वाटतं?’’ त्यावर सूनबाई हसून सांगते, ‘‘मुलीचा नाही, माझा. आणि मास्तरीण आमच्या सासूबाई!’’

पाहुणाही हसतो. पण या कागदामागची हकिगत मात्र हसण्यासारखी नाही.

मिरजेहून चामराजपेटेत

हे कुटुंब मूळचे मिरजेचे. नवऱ्याला बेंगळुरूच्या एका कंपनीत नोकरी लागली आणि नवरा, बायको व सातवीतली मुलगी असे तिघे राणी चेन्नम्मा एक्स्प्रेसने इकडे आले. चामराजपेटेत वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. ही वस्ती १८९२ साली आखून वसवलेली. त्यामुळे रस्ते सरळ, आणि ‘मेन’ व ‘क्रॉस’ अशा क्रमांकांनी ओळखले जाणारे. जवळच किल्ला आणि कृष्णराजेंद्र मार्केट. याच वस्तीत कन्नड साहित्य परिषदेची वास्तू आहे. १९१५ साली स्थापन झालेल्या या संस्थेने कन्नडचा आठ खंडांचा शब्दकोश सिद्ध केला. म्हणजे शब्दांना मान देणारीच ही वस्ती.

सतराव्या शतकात शहाजीराजांना बेंगळुरूची जहागीर मिळाली, तेव्हापासून मराठी माणूस या गावाला नवा नाही. पण नव्याने बिऱ्हाड मांडणाऱ्या बाईला इतिहासाचा आधार कितीसा पुरणार? पहिल्याच आठवड्यात शेजारच्या अक्का दाराशी आल्या आणि पाण्याच्या घागरी वर चढवून घामाघूम झालेल्या सूनबाईकडे पाहून म्हणाल्या, ‘‘सुस्तु?’’ सूनबाईचा चेहराच उतरला. सकाळपासून राब राब राबायचे आणि वर ‘सुस्त’ म्हणवून घ्यायचे! दोन दिवस ती अक्कांशी धड बोलली नाही. मग मुलीने शाळेतून बातमी आणली, ‘‘अगं आई, कन्नडमध्ये सुस्तु म्हणजे दमणूक. त्या तुला विचारत होत्या, दमलीस का?’’

एकच शब्द, पण नदी ओलांडली की अर्थ बदलतो. हा धडा तिला तिथेच मिळाला होता. फक्त तेव्हा तो तिने गमतीवारी नेला.

शब्दांची हौस

सूनबाई मिरजेत मराठी माध्यमातून शिकलेली, वाणिज्य पदवीधर. लग्नाआधी एका दुकानाचे हिशेब सांभाळायची. बेंगळुरूत मुलगी शाळेत रुळल्यावर तिने पुन्हा नोकरीचा विचार केला. दोन ठिकाणी मुलाखती झाल्या. हिशेब सगळा येत होता, पण समोरची माणसे इंग्रजीतून विचारू लागली की तिला जे सांगायचे ते घशातच राही. ‘गुड’, ‘बॅड’, ‘बिग’, ‘स्मॉल’ एवढ्यावर गाडी अडायची.

घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, ‘‘अहो, मला व्याकरण येतं. शब्दच नाहीत.’’

मग एका रविवारी दोघे अॅव्हेन्यू रोडवर गेले. जुन्या पुस्तकांसाठी हा रस्ता बेंगळुरूत प्रसिद्ध. तिथे तिला नॉर्मन लुइस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हे १९४९ सालापासून छापले जाणारे पुस्तक मिळाले. सोबत परदेशी शिक्षणासाठीच्या ‘जीआरई’ परीक्षेचे एक जाडजूड जुने मार्गदर्शकही तिने उचलले. त्यात पानोपान समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दांच्या याद्या होत्या. ‘‘आई, विरुद्धार्थी शब्दांचे हे प्रश्न त्या परीक्षेतून २०११ सालीच काढून टाकले,’’ मुलीने मोबाइलवर पाहून सांगितले. ‘‘काढू देत. शब्द तर कुणी काढले नाहीत ना!’’ आईने उत्तर दिले.

रोज वीस शब्द, असा नेम सुरू झाला. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना तिचे ओठ हलत असत. एका शब्दापुढे पाच-पाच समानार्थी शब्द. त्यातला जो सर्वांत लांबलचक आणि अवघड, तो तिला सर्वांत उत्तम वाटे. साधे ‘टायर्ड’ जाऊन ‘फटिग्ड’ आले. ‘बिग’च्या जागी ‘कोलॉसल’. एकदा मार्केटमधून आणलेल्या वांग्याला ती ‘कोलॉसल’ म्हणाली, तेव्हा मुलगी हसता हसता ताटावरून उठली. पण सहा महिन्यांत वहीत दोन हजारांवर शब्द जमले आणि सूनबाईच्या चालण्याबोलण्यात एक प्रकारचा धीर आला, हेही खरे.

एक भारदस्त शब्द

त्याच सुमारास मिरजेहून सासूबाई राहायला आल्या. वय सत्तरीच्या पुढचे. रक्तदाबाची गोळी रोज चालू. मिरजेतल्या त्यांच्या डॉक्टरांनी नुकतीच मात्रा वाढवली होती. आल्यापासून त्यांना एक त्रास सुरू झाला. ‘‘उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते गं. आता पडते की काय असं वाटतं,’’ त्या म्हणत.

सूनबाई त्यांना जवळच्या एका दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई कन्नड आणि इंग्रजी बोलणाऱ्या. सासूबाई मराठीशिवाय दुसरे काही न बोलणाऱ्या. मधला पूल साहजिकच सूनबाई. डॉक्टरीणबाईंनी काय होते ते विचारले आणि सूनबाईच्या डोळ्यांसमोर वहीचे पान उभे राहिले. ‘गिडीनेस’, ‘डिझीनेस’, ‘फेंटनेस’, ‘व्हर्टिगो’. सर्वांत भारदस्त शब्द शेवटचा. तिने तोच उचलला आणि जोडीला एक विशेषणही लावून सांगितले की सासूबाईंना ‘सिव्हिअर व्हर्टिगो’ आहे.

खोली गरगर फिरल्यासारखी वाटते का, असे डॉक्टरीणबाईंनी विचारले. सूनबाईने सासूबाईंकडे न पाहताच ‘येस, येस’ म्हटले. चक्कर म्हणजे फिरणेच की! सासूबाई मधेच काहीतरी सांगू पाहत होत्या. ‘‘थांबा हो आई, मी सांगते आहे ना,’’ असे म्हणून तिने त्यांना गप्प केले.

चक्करेवरच्या गोळ्या मिळाल्या. आठवडाभर सासूबाईंना नुसती गुंगी येत राहिली. अंधारी काही हटेना. मात्र सुनेने एवढ्या अस्खलितपणे डॉक्टरांशी बोलून औषध आणले, मग तक्रार कशी करायची, म्हणून त्या गप्प राहिल्या.

नवव्या दिवशी सकाळी देवासमोरून उठताना त्या कोसळल्या. कोपर फुटले. डोके कडप्प्याच्या ओट्याच्या कडेपासून वीतभर अंतरावरून वाचले.

आवाज ऐकून शेजारच्या अक्का धावत आल्या. त्यांनी सासूबाईंना उठवून बसवले, पाणी पाजले आणि तर्जनी डोक्याभोवती गोल फिरवत विचारले, ‘‘तले सुत्तु?’’ सासूबाईंनी मान हलवली, नाही. अक्कांनी दोन्ही तळवे डोळ्यांवर धरले आणि विचारले, ‘‘कण्णु कत्तले?’’ सासूबाईंनी जोरजोरात होकार दिला.

डोके फिरते की डोळ्यांपुढे काळोख येतो? एकमेकींची भाषा न येणाऱ्या दोन बायकांनी अर्ध्या मिनिटात हा उलगडा करून घेतला होता. दोन हजार शब्दांची धनीण दाराला टेकून पाहत उभी होती.

‘‘आई, तुम्ही मला सांगितलं का नाही?’’ तिने रडवेल्या आवाजात विचारले.

‘‘अगं, सांगतच होते की. तू ऐकलंस कुठं?’’ सासूबाई म्हणाल्या. त्या आवाजात राग नव्हता, म्हणून तो अधिकच लागला.

त्या दुपारी पुन्हा दवाखाना. या वेळी सूनबाईने आधीच कबुली दिली, की मागच्या वेळी मी सासूबाईंना न विचारताच उत्तरे दिली होती. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला आणि त्यावर शब्दांच्या जोड्या लिहिल्या. एकाएकी की हळूहळू? सतत की मधून मधून? काही सेकंद की काही तास? आडवे असताना की उभे राहताना? गरगरते की अंधारते? एकेक जोडी त्या वाचत, सूनबाई मराठीत विचारी, सासूबाई उत्तर देत आणि सूनबाई तेवढेच, पदरचे काही न घालता, परत सांगे. रुग्ण आपल्या त्रासाला कोणते नाव देतो यावरच आजचे डॉक्टर विसंबत नाहीत, हेही तिला तेव्हा कळले. त्रास केव्हा होतो, किती वेळ टिकतो आणि कशाने सुरू होतो, याला ते जास्त महत्त्व देतात.

मग सासूबाईंना आडवे झोपवून रक्तदाब पाहिला, आणि उभे करून पुन्हा पाहिला. उभे राहताच तो बराच खाली येत होता. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबाच्या गोळीची मात्रा बदलली, पाणी पुरेसे प्यायला सांगितले आणि बिछान्यातून एकदम न उठता काही वेळ काठावर बसून मग उठायची सवय लावली. काही दिवसांतच अंधारी येणे थांबत आले.

कोशातले शेजारी

‘व्हर्टिगो’ हा शब्द कोशात ‘गिडीनेस’च्या शेजारी राहतो हे खरे. पण एका चाळीत राहणारी माणसे एकसारखी थोडीच असतात? ‘व्हर्टिगो’ म्हणजे आपण किंवा भोवतालचे जग फिरल्याचा भास. त्याचे मूळ पुष्कळदा कानाच्या आतल्या, शरीराचा तोल सांभाळणाऱ्या भागात असते. ‘फेंटनेस’ म्हणजे शुद्ध हरपेल असे वाटणे. ‘अनस्टेडी’ म्हणजे डोके स्वच्छ, पण पाय ठरत नाहीत. आपल्या मराठीत हे सगळे आहेच. घेरी, भोवळ, अंधारी, झोक जाणे. आजीला हे शब्द कुणी यादी करून शिकवलेले नसतात. प्रत्येक शब्द कधी ना कधी अंगावरून गेलेला असतो, म्हणून ती ते अचूक वापरते.

समानार्थी शब्दांचा सर्वांत प्रसिद्ध इंग्रजी कोश एका डॉक्टरानेच केला, हा योगायोगही विचार करण्याजोगा आहे. पीटर मार्क रॉजे (१७७९–१८६९) हे पेशाने वैद्य. १८०५ साली त्यांनी स्वतःच्या उपयोगासाठी शब्दांची वर्गवारी केली आणि १८५२ साली, वयाच्या ७३व्या वर्षी, ‘थिसॉरस’ या नावाने कोश प्रसिद्ध केला. त्यात शब्द अकारविल्हे नव्हते, अर्थाप्रमाणे लावलेले होते. आणि परस्परविरुद्ध कल्पना शेजारशेजारच्या रकान्यांत समोरासमोर मांडल्या होत्या. आपल्या आधी असे काम कुणी केले हे सांगताना रॉजे यांनी प्रस्तावनेच्या तळटिपेत सर्वांत जुने म्हणून संस्कृतातल्या अमरकोशाचे नाव घेतले आहे. एका वस्तूला अनेक नावे श्लोकांत बांधून पाठ करण्याची रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होतीच.

वेदनेच्या शब्दांना तर वैद्यकात मापाचेच स्थान मिळाले आहे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात वेदनेची वर्णने करणारे ७८ शब्द २० गटांत लावले आहेत. गटातले शब्द एकमेकांच्या जवळचे, पण सौम्याकडून तीव्राकडे चढत जाणारे. म्हणजे समानार्थी शब्द ही एका पातळीवरची रांग नसून तो जिना आहे. कोणत्या पायरीवर उभे आहोत हे सांगता आले तरच ऐकणाऱ्याला ते कळते.

नवी वही

त्या प्रसंगानंतर सूनबाईने जुनी वही टाकली नाही, पण नवी सुरू केली. रोज वीसऐवजी पाच शब्द. पानावर चार रकाने. पहिल्यात मराठी शब्द, तोही घरात कुणीतरी खरोखर बोललेला. दुसऱ्यात त्याला शोभणारा इंग्रजी शब्द. तिसऱ्यात त्या शब्दाचे एक पूर्ण वाक्य. चौथ्यात, त्याच वाक्यात बसणारा विरुद्ध शब्द.

हा चौथा रकाना सर्वांत कठीण निघाला. शाळेत विरुद्धार्थी शब्दांच्या जोड्या पाठ केल्या की गुण मिळत. पण ‘कच्चा’च्या विरुद्ध काय? सासूबाईंनी हसत उत्तर दिले, ‘‘काय कच्चं, ते आधी सांग की!’’ आंबा कच्चा असेल तर विरुद्ध पिकलेला, भात कच्चा असेल तर शिजलेला, रस्ता कच्चा असेल तर पक्का. इंग्रजीतही तसेच. ‘ओल्ड’ माणसाच्या विरुद्ध ‘यंग’, पण ‘ओल्ड’ साडीच्या विरुद्ध ‘न्यू’. ‘लाइट’ पिशवीच्या विरुद्ध ‘हेवी’, ‘लाइट’ रंगाच्या विरुद्ध ‘डार्क’. वाक्यावाचून शब्दाला विरुद्ध नसतो, हे तिला स्वयंपाकघरात उमगले.

दुसऱ्या रकान्यात शब्द लिहिण्यापूर्वी ती आता तीन प्रश्न विचारते. हा शब्द सौम्य की कडक? हा कौतुकाचा की टोचून बोलण्याचा? हा बोलण्यातला की कागदावरचा? ‘थिन’, ‘स्लिम’ आणि ‘स्किनी’ या तिन्ही शब्दांचा अर्थ बारीकच. पण ‘स्लिम’ म्हटले तर मैत्रीण खूश होते, ‘स्किनी’ म्हटले तर तोंड फिरवते. आपल्याकडेही ‘सडपातळ’ आणि ‘किडकिडीत’ यांत तोच फरक. काटकसरी बाईला ‘थ्रिफ्टी’ म्हणावे, ‘स्टिंजी’ म्हटले तर ती चिक्कू ठरते. स्वतःला सगळेच ठाम म्हणवतात, हट्टी असतो तो नेहमी समोरचा. ‘फर्म’ आणि ‘स्टबर्न’ ही जोडी तिने नवऱ्याशी झालेल्या एका वादानंतर वहीत उतरवली, आणि कोणता शब्द कुणासाठी यावर पुन्हा एक वाद झाला.

पाठ केलेले टिकावे म्हणून मुलीने एक युक्ती सुचवली. १९७०च्या दशकात सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने लोकप्रिय केलेली ती पद्धत. मिठाईच्या रिकाम्या खोक्यांचे तीन कप्पे केले. शब्दांच्या चिठ्ठ्या पहिल्या कप्प्यात. त्या रोज पाहायच्या. आठवलेला शब्द दुसऱ्या कप्प्यात जातो, तो तीन दिवसांनी पाहायचा. तिथेही आठवला तर तिसऱ्यात, तो आठवड्याने. विसरला की थेट पहिल्या कप्प्यात परत. सासूबाई या खेळाला ‘पास-नापास’ म्हणतात आणि संध्याकाळी दिवा लावून झाला की स्वतःच खोकी काढून बसतात.

खरे तर वहीचा पहिला रकाना आता त्यांचाच आहे. डोके ठणकते, पाठीत उसण भरते, पायात पेटका येतो, दाढेत कळ निघते, घसा खवखवतो, जखम चुरचुरते, हाताला मुंग्या येतात. ‘‘दुखतं दुखतं काय म्हणायचं नुसतं? कसं दुखतं ते सांगावं माणसानं,’’ त्या म्हणतात. नात हे सगळे लिहून घेते. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या त्या मुलीला ‘पेटका’ आणि ‘उसण’ हे शब्द आजीमुळेच माहीत झाले. ठणक्याला ‘थ्रॉबिंग’ आणि पेटक्याला ‘क्रॅम्प’ हे तिने शोधले. उसणीला नेमका शब्द तिला अजून सापडलेला नाही. तो रकाना रिकामा आहे.

सूनबाईची नोकरीची खटपट चालूच आहे. अलीकडच्या एका मुलाखतीत तिने एकही अवघड शब्द वापरला नाही. न कळलेला प्रश्न पुन्हा विचारायला सांगितला, हिशेबाचे काम काय केले ते साध्या वाक्यांत सांगितले आणि जे येत नाही ते येत नाही म्हणाली. निकाल यायचा आहे. पण त्या दिवशी घरी परतताना तिच्या घशात काही अडकलेले नव्हते.

मागच्या महिन्यात सासूबाईंना तपासणीसाठी पुन्हा दवाखान्यात नेले. कसे वाटते, असे डॉक्टरीणबाईंनी इंग्रजीत विचारले. सूनबाई सवयीने तोंड उघडणार, तोच सासूबाईंनी हात वर करून तिला थांबवले. पदर सावरला आणि डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाहून सावकाश म्हणाल्या,

‘‘स्पिनिंग, नो. स्टँडिंग, डार्क... बिफोर. नाऊ, नो डार्क.’’

डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून घेतले. दुसरा प्रश्न विचारायची त्यांना गरज पडली नाही.